हिवाळ्यात किनाऱ्यावरून सागरी बदके कशी ओळखावीत?

उत्तरेकडील थंड किनाऱ्यावर तासभर उभे राहूनही लाटांत फक्त काळे ठिपके दिसतात, मग बदकाची जात ओळखायची कशी, असे आपण विचारले आहे. माझा सल्ला असा की रंगाचा नाद आधी सोडावा आणि एकाच थव्यावर स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) रोखून त्यातील पक्ष्यांची बुडी व पंखांची फडफड पाहत राहावे.

साधा स्कोटर आणि वेल्वेट स्कोटर या दोन सागरी बदकांचे नर दुरून सारखेच काळे दिसतात. वेल्वेट स्कोटरच्या पंखावर पांढरा पट्टा असतो, पण पक्षी पाण्यावर बसलेला असताना तो बहुधा झाकलेला राहतो आणि पक्ष्याने उठून पंख झटकले किंवा उड्डाण केले की लख्ख दिसतो. साध्या स्कोटरला हा पट्टा नसतो. शिवाय पंख झटकताना तो मान एकदम खाली टाकतो. बुडी घेताना साधा स्कोटर पंख मिटून छोटीशी उसळी मारतो, तर वेल्वेट स्कोटर पंख अर्धवट उघडतो. ही खूण नजरेत बसायला मला कितीतरी सकाळी लागल्या, पण आज मी सर्वांत जास्त भरवसा तिच्यावरच ठेवतो.

जागा निवडताना त्यांच्या खाद्याचा विचार करावा. आयडर (हेही एक सागरी बदक) आणि स्कोटर प्रामुख्याने शिंपल्यांवर जगतात. आयडर तर शिंपला कवचासकट गिळतो आणि पोटातील स्नायुमय पेषणीत त्याचा चुरा करतो. म्हणून शिंपल्यांचे थर असलेल्या उथळ पाण्यासमोर, थोड्या उंचीवर, ऊन पाठीशी घेऊन आणि समुद्र शांत असताना उभे राहावे.

लांब शेपटीचे बदक (लाँग-टेल्ड डक ही जात) मात्र ६० मीटरपर्यंतही खोल जाऊ शकते, त्यामुळे ते दूरवरही आढळते. हिवाळ्यात नर बराचसा पांढरा असतो, आणि वारा पडलेला असेल तर त्याची गाण्यासारखी साद दिसण्याआधी ऐकू येते. उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्रात हिवाळा काढणारी ही बदके १९९२-९३ मध्ये सुमारे ४३ लाख होती, ती २००७-०९ पर्यंत सुमारे १५ लाखांवर आली. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून त्यांतील पुष्कळ आजही मरतात, हे मला फार अस्वस्थ करते. म्हणूनच एक कळकळीची विनंती आहे: जवळून पाहण्यासाठी होडी घेऊन थव्याकडे जाऊ नये. स्कोटर खूप लांबूनच उठतात, आणि थंडीतल्या छोट्या दिवसात खाण्यासाठी मिळणारा त्यांचा मोजका वेळ त्यात वाया जातो.