हिरड्या बघ, वजन कर, रक्त तपासून घे

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. भाटी जेमतेम दोन वर्षांची, खाणं हळूहळू कमी झालंय, सारखी कपाटावर जाऊन बसते, आणि ती रस्त्यावरच्या मांजरीचं पिल्लू होती यापलीकडे तिच्याबद्दल काही माहीत नाही. त्यात कुणीतरी फेलाइन ल्युकेमियाचं, म्हणजे विषाणूमुळे मांजरांना होणाऱ्या एका रोगाचं, नाव काढलं आणि तुझी झोप उडाली. तू विचारलंयस, ‘नुसतं बघून ओळखता येतो का?’ सरळ सांगते, बघून निदान होत नाही. पण बघून संशय नक्की घेता येतो, आणि तो वेळेवर घेतला तर मांजराचे पुढचे हाल वाचतात. काय बघायचं आणि कसं, ते लिहिते.

हा विषाणू विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली ग्लासगो विद्यापीठात शोधला. मांजरांना होणाऱ्या लिम्फोमाच्या (लसिकापेशींच्या कर्करोगाच्या) मागे काय आहे, हे ते शोधत होते. विषाणू पेशीत शिरला की आपली जनुकं त्या पेशीच्या डीएनएतच बसवून टाकतो. अस्थिमज्जेपर्यंत पोहोचला की रक्त तयार होण्याचं कामच बिघडतं. त्यातून तीन प्रकारचा त्रास होतो: रक्त कमी होतं, प्रतिकारशक्ती ढासळते, किंवा लिम्फोमा आणि रक्ताचा कर्करोग होतो. लोकांना यातला कर्करोग तेवढा ठाऊक असतो आणि ते अंगावर गाठी शोधत बसतात. प्रत्यक्षात पंडुरोग, म्हणजे रक्त कमी होणं, आणि सारखे होणारे जंतुसंसर्ग जास्त दिसतात. त्यामुळे गाठ लागली नाही म्हणून निश्चिंत होऊ नकोस.

सुरुवातीला फार तर थोडी कणकण येते, मांजर दोन-चार दिवस मलूल राहतं आणि पुन्हा खेळायला लागतं. पुढे कित्येक महिने, कधीकधी वर्षंही, काहीच दिसत नाही. शिवाय मांजराची जातच दुखणं लपवणारी. कुत्रं कण्हतं, मालकाच्या पायाशी येतं. मांजर आडोसा धरतं. तुझी भाटी कपाटावर बसते हे तू पत्रात ओझरतं लिहिलंस, पण मला त्याचंच महत्त्व जास्त वाटलं. तिची रोजची जागा, रोजची भूक, अंग चाटण्याची सवय तुझ्याइतकी कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांना ती दहा मिनिटं दिसते, तीही भेदरलेली. नेहमीपेक्षा काय बदललं हे सांगणारी तूच.

आता हिरड्या. दिवसाच्या उजेडात, ती शांत असताना, वरचा ओठ अंगठ्याने हलकेच वर उचल. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने क्षणभर दाबून सोडलीस तर तिथला पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. रक्त कमी झालेल्या मांजराची हिरडी आधी फिकट दिसते, मग पांढुरकी. पिवळसर झाक दिसली तर ती काविळीची खूण. तिच्यासाठी कानाच्या आतली बाजूही बघ. पुष्कळ मांजरांच्या हिरड्यांवर जन्मतःच काळे डाग असतात, त्यांनी गोंधळू नकोस. तशा वेळी जीभ आणि खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. आज एकदा बघून फारसं कळणार नाही. रोज बघत गेलीस की तिचा रंग डोळ्यात बसेल आणि फरक आपोआप कळेल. या विषाणूमुळे होणारा पंडुरोग बहुतेक वेळा हळूहळू वाढतो. मांजर त्याच्याशी इतकं जुळवून घेतं, की हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होईपर्यंत घरच्यांना काही वेगळं वाटतच नाही.

रक्त कमी झालं की श्वासही वाढतो. ती गाढ झोपलेली असताना छातीची हालचाल एक मिनिट मोज. वर-खाली मिळून एक श्वास. तीसच्या आत असेल तर ठीक. झोपेत सतत तीसच्या वर जात असेल तर डॉक्टरांना सांगायचं. तरुण मांजरांत या विषाणूमुळे छातीच्या पोकळीत लिम्फोमा होऊ शकतो, त्यात पाणी साठतं आणि पहिली तक्रार धाप लागण्याचीच असते. म्हणून हे मोजणं टाळू नकोस.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नकोस, केसांच्या आड हाडं झाकली जातात. तिला उचलून काट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा, आणि वजाबाकी कर. लहान बाळांचा काटा मिळाला तर आणखी चांगलं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वहीत लिहून ठेव. चार किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम वजन उतरलं तर तो दहावा हिस्सा गेला. ‘थोडीशी बारीक झाली’ म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही.

बाकीची लक्षणं अशी, की सुटी सुटी बघितली तर किरकोळ वाटतात. हिरड्या सुजून लाल होणं, तोंडाला वास येणं, भूक असून वाटीपाशी जाऊन मागे फिरणं. जुलाब थांबून पुन्हा सुरू होणं. सर्दी, त्वचेचा किंवा लघवीचा संसर्ग औषधाने बरा होऊन परत उलटणं. औषधाला दाद न देणारा ताप. अंग चाटणं कमी झाल्याने केस राठ होणं. एका डोळ्यातल्या बाहुलीचा आकार दुसरीपेक्षा वेगळा दिसणं. भाटीची नसबंदी झालेली नसेल तर गर्भपात होणं किंवा पिल्लं एकामागून एक दगावणं. यातलं एखादं दिसलं तर दहा कारणं असू शकतात. पण दोन-तीन एकत्र आली, किंवा एकच पुन्हा पुन्हा आलं, तर रक्त तपासल्याशिवाय राहू नये असं माझं ठाम मत आहे.

गाठी चाचपायच्या तर जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे. जबड्याखाली लाळेच्या ग्रंथीही हाताला लागतात, त्यामुळे तिथे काही लागलं म्हणून घाबरून जाऊ नकोस. गुडघ्यामागे स्पष्ट, टणक गाठ लागली तर मात्र दाखव.

हे सगळं दिसूनही रोग दुसराच निघू शकतो. पिसवांचा सुळसुळाट, रक्तातले परजीवी, मूत्रपिंडाचा विकार, एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा विषाणू), साधी दातदुखी, यांतल्या कशानेही मांजर असंच खंगतं. म्हणून तपासणी. रक्ताच्या एका छोट्या नमुन्यात विषाणूचं पी-27 हे प्रथिन शोधतात, निकाल काही मिनिटांत येतो. पॉझिटिव्ह आला तरी एका चाचणीवर थांबायचं नाही. प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यायची, गरज पडली तर पीसीआर करायचा. निगेटिव्ह आला आणि बाधित मांजराशी हल्लीच संबंध आला असण्याची शक्यता असेल, तर महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासायचं, कारण लागण झाल्यावर प्रथिन रक्तात दिसायला वेळ लागतो.

पॉझिटिव्ह म्हणजे लगेच शेवट नाही, हे मी अगदी कळकळीने सांगते. काही मांजरं विषाणूला पूर्ण परतवून लावतात. काहींच्या पेशींत तो दबून राहतो आणि ती बऱ्यापैकी नेहमीसारखी जगतात. ज्यांच्या रक्तात तो सतत वाढत राहतो त्यांचं आयुष्य कमी होतं, त्यातली बरीचशी निदानानंतर तीनेक वर्षांत जातात. विषाणू शरीरातून घालवणारं औषध नाही. तरीही संसर्गावर वेळीच उपचार, दातांची काळजी, कच्चं मांस न देणं, घरातच ठेवणं आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढ्यावर अशा मांजरांना चांगले दिवस मिळतात. खाती-खेळती असताना फक्त अहवाल बघून मांजराला कायमचं झोपवण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नकोस, दुसऱ्या डॉक्टरांना विचार.

घरात बोकाही आहे, असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस. हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं, चावे. आईकडून पिल्लांनाही जातो. तिचा निकाल येईपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेव, वाट्या आणि लिटर ट्रे वेगळे कर. शरीराबाहेर तो फार टिकत नाही, साबणाने धुतलं तरी मरतो, तेव्हा घर खरवडून काढायची गरज नाही. माणसाला किंवा कुत्र्याला तो होत नाही. तिला जवळ घ्यायला अजिबात कचरू नकोस. बोका निगेटिव्ह निघाला तर त्याच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोल: तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, वर्षाने बूस्टर. लस आधीच बाधित असलेल्याला उपयोगाची नाही, म्हणून तपासणी आधी.

थांबायचं कधी नाही, तेही सांगते. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, उभं राहवत नसेल किंवा चोवीस तास काहीच खाल्लं नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नकोस. मांजराला ती जीवघेणी ठरते.

उद्याच वेळ घे. जाताना वही ने: खाणं कधीपासून कमी झालं, वजन किती, झोपेतले श्वास किती, हिरडीचा रंग कसा, याआधी काय काय होऊन गेलं. बोक्याचंही रक्त त्याच दिवशी देऊन ये. दोन्ही अहवाल आले की फोटो काढून मला पाठव, पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या ओळीबरोबर हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींचे आकडेही दिसू देत. पुढचं त्यावरून ठरवू.

तुझी,
मावशी