‘पीत राहिलं की लाली जाते ना?’

व्हिएतनाममधल्या सायगावात (कागदोपत्री हो चि मिन्ह सिटी, बोलण्यात सायगावच) राहून मी समुपदेशक म्हणून तरुण मुलांशी ऑनलाइन, इंग्रजीतून बोलते. एक प्रश्न वरचेवर येतो: दोन ग्लास बिअर घेतली की चेहरा लालबुंद होतो, पीत राहिलं की सवयीनं जाईल ना?

मिन्हनंही तेच विचारलं. नाव बदललंय, आणि हे त्याला विचारूनच लिहितेय. वय २२, कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष, एका कंपनीत इंटर्न. मला ‘ची’ म्हणतो, म्हणजे ताई.

त्यानं १४ सेकंदांचा एक व्हिडिओ दाखवला. फुटपाथवरची बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, ग्लासात बर्फाचा मोठा खडा (इथे बिअरमध्ये बर्फ घालतात, माझ्या नवऱ्याला ते अजून झेपलेलं नाही), सगळे ओरडतायत, “मोत्, हाय, बा, यो!” म्हणजे एक, दोन, तीन, चला! आणि मधोमध मिन्ह, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘झुंजीचा कोंबडा’. ऑफिसच्या झालो ग्रुपवर हे फिरलं. (झालो हे इथलं मेसेजचं ॲप. मराठी माणसाला हसू येतंच.)

मामानं त्याला सांगितलेलं, लाल होणारा पट्टीचा पिणारा असतो. मग ऑनलाइन बघून तो पिण्याआधी ॲसिडिटीची गोळी घ्यायला लागला. लाली कमी झाली. दोन कॅनवर थांबणारा पाचवर गेला.

इथे मी समुपदेशकाची टोपी काढून सरळ समजावलं. पोटात गेलेल्या मद्याचं शरीर आधी ॲसिटाल्डिहाइड करतं. ते विषारी असतं. मग दुसरं एक एन्झाइम त्याची विल्हेवाट लावतं. पूर्व आशियात पुष्कळांच्यात हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, व्हिएतनाममध्येही. विष साठतं, रक्तवाहिन्या फुलतात, छाती धडधडते. सवयीनं एन्झाइम सुधारत नाही. गोळी फक्त लाली झाकते, विष तिथेच राहतं. अशा माणसानं पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत, टाकलंय. ३३० मिलीच्या पाच टक्केवाल्या एका कॅनमध्ये साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पाच कॅनचा हिशेब त्यानं स्वतःच केला आणि गप्प बसला. गोळीसाठी मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं.

पण खरी गाठ माहितीची नव्हतीच. ती नंतर सुटायला लागली, जेव्हा मी म्हटलं, ती संध्याकाळ ग्लासागणिक सांग. पहिला ग्लास त्यानं आपणहून घेतलेला. दुसऱ्यापासून प्रत्येक वेळी समोर त्याचा वरिष्ठ, ज्याला तो ‘आन्ह’, दादा म्हणतो. दादानं ग्लास पुढे केला की आपल्या ग्लासाची कड त्याच्या कडेखाली धरायची आणि ‘शंभर टक्के’ म्हटलं की तळ दाखवायचा. नाही म्हणणं म्हणजे दारूला नाही, दादालाच नाही. आपल्याकडे जेवणाचा आग्रह मोडताना पोटात जो गोळा येतो, तसंच काहीसं.

जबरदस्तीनं पाजायला इथे कायद्यानंच बंदी आहे, २०२० पासून. पण इंटर्ननं साहेबाला कायदा दाखवायचा? छे. त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट कामाची निघाली: पिऊन गाडी चालवायची नाही, थेंबभरसुद्धा नाही. पोलीस रस्त्यात फुंकायला लावतात आणि दंड मोठा असतो, त्यामुळे ‘दादा, गाडी आणलीय’ हे टेबलावर सगळ्यांना पटतं. आम्ही स्क्रीनवर तालीम केली. मी दादा झाले, भरपूर आग्रह केला. पहिल्या तीन वेळा तो हरला. मग ठरलं, त्याच ग्लासात, त्याच बर्फावर चहा घ्यायचा, कड खाली धरायची आणि ‘यो’ सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचं.

ऑफिसात हे चाललं. दादानं एकदा टोमणा मारला, नंतर विसरला. तेत, म्हणजे इथलं नववर्ष, आलं आणि मिन्ह गावी गेला. परतल्यावर स्वतःहूनच म्हणाला, “ची, चार ग्लास झाले. मामाच्या घरी गाडीचं कारण चालत नाही, रात्री तिथेच झोपायचं असतं.”

पुढचं सत्र मामावर आहे.