वाचक विचारतात : शत्रूचा स्तंभ

प्रश्न : देहरादूनच्या सहलीत शेजारी-शेजारी उभे असलेले दोन स्तंभ पाहिले. एक इंग्रजांचा आणि दुसरा त्यांच्याच शत्रूचा, हे कसे?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : बुटवल आणि श्योराज येथील हद्दीच्या तंट्यावरून १८१४ साली कंपनी सरकार व नेपाळ यांच्यात युद्ध जुंपले, त्याच्या आरंभीच्या नालापाणीच्या लढाईचे हे स्मारक आहे. टेकडीवरील खलंगा गढीत नेपाळचा सरदार बलभद्र कुंवर बायकामुलांसह सुमारे सहाशे माणसांनिशी उभा होता. ३१ ऑक्टोबर रोजी इंग्रजांचा जनरल गिलेस्पी स्वतः पुढे होऊन चालून गेला आणि गोळी लागून तिथेच पडला. (सेनापतीने इतके पुढे जावे काय, हा प्रश्न आम्हांलाही पडतो.) पुढे इंग्रजांनी मोठ्या तोफा आणल्या, तरी गढीचा खरा घात झाला तो पाण्याने, कारण झरा तटाबाहेर होता आणि तो तोडताच आतल्या माणसांचे घसे कोरडे पडले. आपल्या पन्हाळ्यावरची अंधारबाव ही विहीर तटाच्या आत का बांधली, हे इथे उमगते. ३० नोव्हेंबरला बलभद्र उरलेल्या सुमारे सत्तर जणांसह वेढा फोडून निसटला. इंग्रजांनी एक स्तंभ गिलेस्पी व त्याच्या मृत सैनिकांसाठी उभारला, तर दुसऱ्यावर बलभद्राला ‘शूर प्रतिस्पर्धी’ म्हणून गौरविले. १८१५ मध्ये, युद्ध संपण्यापूर्वीच, कंपनीने गुरख्यांची पलटणीत भरतीही सुरू केली.