मूल हाही पाहुणाच

प्रिय,

तुझं पत्र आणि तुमच्या जुन्या क्रूझ जहाजाच्या फेरबदलाचे दोन्ही आराखडे मिळाले. पत्र दोनदा वाचलं, आराखडे पुन्हा पुन्हा पाहिले. पहिल्यात मागच्या डेकवरच्या आरामखुर्च्या काढून तिथे वॉटर स्लाइड उभी केली आहेस. दुसऱ्यात स्लाइड नाही, पण अर्धं जहाज 'फक्त प्रौढांसाठी' म्हणून हिरव्या रंगाने भरलं आहेस. आणि खाली विचारलं आहेस, "सर, यातलं कमी वाईट कोणतं?"

त्या 'कमी वाईट'ने माझी रात्र गेली. तुझी कोंडी मला कळते. वरच्या लोकांना तरुण कुटुंबं हवी आहेत, वर्षानुवर्षं येणारे जुने पाहुणे चिडून पत्रं पाठवताहेत, ड्राय डॉकची, म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढून दुरुस्तीला घ्यायची, तारीख ठरली आहे आणि मधे तू उभी आहेस. पण दोन्ही आराखड्यांत तू एकच गोष्ट गृहीत धरली आहेस, की जहाजावर मूल येणं म्हणजे संकट. एकात त्या संकटाला खेळणं देऊन गप्प केलं आहेस, दुसऱ्यात त्याला कुंपण घातलं आहेस. मूल हा पाहुणा आहे, मुली. पाहुण्यासोबत आलेलं सामान नव्हे. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

जुना डौल आणि लहान मुलं यांचं वाकडं आहे, हे तुला कोणी सांगितलं? ज्या जहाजांच्या तसबिरी तुमच्या ऑफिसात लावल्या आहेत त्यांनी तर नक्कीच नाही. १९२७ च्या 'इल द फ्रान्स'वर मुलांच्या खेळघरात खराखुरा फिरता घोड्यांचा पाळणा होता. १९३५ ची 'नॉर्मंडी' घे. पहिल्या वर्गाची तिची भोजनशाला ९३ मीटर लांब होती, एका वेळी ७०० माणसं जेवायला बसत, काचेचे दिव्यांचे खांब उजेड पाडत. त्याच जहाजावर मुलांची वेगळी जेवणखोली होती आणि तिच्या भिंतींवर हत्तींची चित्रं होती, तीही एका नावाजलेल्या चित्रकाराने काढलेली. उरलेल्या रंगात रंगवलेली खोली नव्हती ती. १९३६ च्या 'क्वीन मेरी'वरही मुलांची खेळघरं होती.

तू म्हणशील, तिथेही मुलं वेगळीच बसवत होते ना! होय, वेगळी बसवत होते, आणि त्या काळच्या श्रीमंतांना मुलं दायांच्या हाती सोपवायची सवय होती. ती सवय परत आण असं मी म्हणत नाही. पण त्यांनी त्या वेगळ्या खोलीत काय दिलं ते बघ. चित्रकार दिला, मुलांच्या मापाचं टेबल दिलं, पांढरा टेबलक्लॉथ दिला. आज आपण मुलांना काय देतो? जहाजाच्या पोटातली बिनखिडकीची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि तळलेल्या चार पदार्थांचं रंगीत कार्ड. वेटर मुलाच्या आईला विचारतो, "हा काय घेईल?" तो समोर बसला आहे, त्याला बोलता येतं, त्याला विचार! या धंद्याची अर्धी शोभा या एका प्रश्नात आहे.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला हे बोलायचा अधिकार नाही.

मी भोजनशाला सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. एका सुट्टीतल्या सफरीत तक्रारींचा ढीग पडला. मुलं टेबलांमधून धावतात, दुसऱ्या सिटिंगला, म्हणजे रात्रीच्या उशिराच्या पंगतीला, गोंगाट असतो. एका वेटरच्या हातातला गरम ताटल्यांचा ट्रे एका धावत्या पोराला चुकवताना पडला आणि त्याचा हात भाजला. मी नियम केला: गाला नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायच्या रात्री, दुसऱ्या सिटिंगला बारा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. दुसऱ्याच सफरीत एक आजी आपल्या नातवाला घेऊन दारात आल्या. नऊ वर्षांचा असेल. काळा सूट, बो टाय, केस पाण्याने चापून बसवलेले. त्याने माझ्यापुढे हात केला, शेकहँडसाठी. कोणीतरी नीट शिकवून आणलं होतं त्याला. मी हात मिळवला आणि त्या दोघांना बुफेकडे पाठवलं. मुलाने खाली वाकून आपले बूट पाहिले. बुटांमुळे नाकारलं असं त्याला वाटलं असावं. आजी एवढंच म्हणाल्या, "याला हे दाखवायला आणलं होतं." त्या बाई माझ्या नोकरीच्या आधीपासून आमच्या जहाजांवर येत होत्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

नियम करायला कारणं होती, हे मी आजही म्हणेन. भाजलेला हात मी स्वतः पाहिला होता. धावणाऱ्या पोराला थांबवणं माझं कामच होतं. पण तो मुलगा धावत नव्हता. मी धावण्याविरुद्ध नियम करायला हवा होता, आणि तो साठीच्या दारुड्या पाहुण्यालाही लागू करायला हवा होता. वयाविरुद्ध नियम करणं सोपं पडलं, म्हणून मी ते केलं. तुझ्या दुसऱ्या आराखड्यातल्या हिरव्या रंगाखाली मला ते बूट दिसले. म्हणून इतका तापलो आहे.

कोणी सरळ सांगत असेल की आम्हाला मुलं नकोत, तर माझी काही तक्रार नाही. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग या क्रूझ कंपन्या १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. पी अँड ओ क्रूझेसनेही दोन जहाजं फक्त प्रौढांसाठी ठेवली आहेत. ते प्रामाणिक आहे, तिकीट काढतानाच कळतं. तुमच्या कंपनीचं दुखणं वेगळं आहे. तुम्ही मुलांचे पैसे घेता आणि मग जहाजावर त्यांच्याकडे अडचण म्हणून बघता.

पैशांचं गणित तुला मी शिकवायला नको, पण त्याची दुसरी बाजू तुझ्या टिपणात नाही. एका केबिनमध्ये दोघं धरून जहाज शंभर टक्के भरलं असं आपण म्हणतो. तिसरा आणि चौथा बर्थ भरला की आकडा शंभराच्या वर जातो आणि वरचे लोक खूष होतात. पण छतातून खाली येणारा तो बर्थ म्हणजे नुसता पलंग नसतो. त्यावर झोपणाऱ्या पोराला लाइफबोटीत जागा लागते, मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची ठरलेली जागा, लागते, त्याच्या मापाचं लाइफजॅकेट लागतं आणि त्याला सांभाळायला माणूस लागतो. शाळा चालू असताना जहाजावर मोजकी पोरं असतात, सुट्टीत शेकड्यांनी येतात. मुलांसाठीचा स्टाफ मात्र वर्षभर तेवढाच. मग गोंगाट होतो, आणि दोष डौल आणि मुलं यांच्या न जुळणाऱ्या पत्रिकेला दिला जातो! माणसं कमी नेमली होती, एवढंच घडलेलं असतं.

स्लाइडबद्दल एकदाच बोलतो. २०२४ च्या जानेवारीत 'आयकॉन ऑफ द सीज' निघाली. २० डेक, दोघांच्या हिशोबाने ५,६०० च्या वर प्रवासी, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी एक अख्खी वसाहत. ते जहाज पहिल्या रेघेपासून त्यासाठीच आखलं आहे. तुमच्या जुन्या जहाजाच्या माथ्यावर तेवढं वजन चढवायचं म्हणजे आधी स्थिरतेचा हिशोब नव्याने मांडावा लागेल, आणि एवढं करून जी स्लाइड बसेल ती त्यांच्यापुढे केविलवाणी दिसेल. ज्याला स्लाइड हवी तो तिकडेच जाईल, आणि जुना पाहुणा आपली खुर्ची गेली म्हणून जाईल. त्याच वर्षी मे महिन्यात क्युनार्डची 'क्वीन ॲन' पहिल्या सफरीला निघाली, त्यावर मुलांसाठी जागा आहे आणि गाला नाइटही आहे. दोन्ही रस्ते खुले आहेत. तू कोणत्या रस्त्यावर उभी आहेस, तेवढं आधी ठरव.

आणि उलटं उदाहरण बघ. मुलांच्या नावाने ओळखली जाणारी डिस्ने कंपनी १९९८ मध्ये समुद्रावर आली तेव्हा तिने 'डिस्ने मॅजिक'ला जुन्या लायनरचं, म्हणजे महासागर ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजाचं, रूप दिलं. जहाजाचं अंग गडद, दोन लाल धुरांडी. भोजनशाळा तीन, कुटुंब रोज वेगळ्या भोजनशाळेत जेवतं, पण वेटर तेच, ते कुटुंबाबरोबर फिरतात. तिसऱ्या रात्रीपर्यंत वेटरला माहीत असतं की धाकटीला बर्फ नको आणि थोरल्याला ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत. ही तर आमच्या जुन्या ठरलेल्या टेबलाचीच रीत! २००० मध्ये नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने 'फ्रीस्टाइल'च्या नावाने ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल सोडलं. कुटुंबांना वेळेची मोकळीक मिळाली, ते चांगलंच झालं. पण रोज नवा वेटर आला की मुलाचं नाव हरवतं. नाव लक्षात असणं म्हणजेच सेवा, हे मी मरेपर्यंत म्हणेन.

मी हे आधीही म्हणालो होतो, आणि त्याची किंमत मोजली. एका ड्राय डॉकच्या आधी लायब्ररी मोडून व्हिडिओ गेमची खोली करायचं ठरत होतं. मी म्हणालो, लायब्ररी राहू द्या, तिच्या एका कोपऱ्यात बुटकी कपाटं, बुटक्या खुर्च्या आणि खिडकीशी एक बाक ठेवा. मोठा माणूस वाचत बसला आहे हे बघत मूल बसेल, त्यातूनच ते हळू बोलायला शिकेल. मला जुनाट ठरवलं. खोली झाली. काही वर्षांत यंत्रं जुनी झाली आणि त्यांना कोणी हात लावेना. लायब्ररी काही परत आली नाही. पुढच्या बैठकांना मला बोलावणं थांबलं. त्या दिवशी आवाज चढवला नसता तर कदाचित ऐकलं असतं, असं माझी बायको म्हणते. असेलही. पण खुर्च्यांबद्दल माझंच बरोबर होतं.

आता कामाचं. डेकपासून सुरुवात करू नकोस, केबिनपासून कर. मधे दार असलेल्या जोडकेबिन किती काढता येतील ते बघ. दमलेलं कुटुंब जहाजाला शिव्या देतं ते केबिनमध्ये. मग पाणी. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर लंगोटातल्या बाळाला सार्वजनिक पूलमध्ये सोडता येत नाही, तिथल्या आरोग्य खात्याचा नियम आहे. पूलच्या काठावर रडतं बाळ घेऊन उभा राहिलेला बाप मी खूप वेळा पाहिला आहे. त्याला हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. बाळांसाठी वेगळ्या गाळणीचा एक उथळ फवारा स्लाइडच्या तुलनेत फारच थोडी जागा खातो. तो आराखड्यात घे.

मग संध्याकाळ. मुलांना मोठ्यांच्याच कार्डावरचं जेवण लहान वाटपात, आधी आणि झटपट वाढ. डिस्नेच्या जहाजांवर दुसऱ्या सिटिंगला मुलांचं जेवण लवकर उरकतं आणि मुलांची काळजी घेणारे लोक भोजनशाळेतूनच त्यांना घेऊन जातात, आईबाप निवांत जेवतात. पी अँड ओच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर रात्रीचं पाळणाघर आहे, त्यामुळे तरुण जोडप्याला नाचायला जाता येतं. नाचघर रिकामं पडतं म्हणून तुझे वरचे ते मोडायला निघालेत ना? तिथे नाचू शकणारी माणसं झोपलेल्या बाळापाशी अंधारात बसलेली असतात!

कपड्यांचा नियम सैल करू नकोस, यावर मी अडून बसेन. मुलांना नटायला आवडतं. गाला नाइटला त्यांना निमंत्रण दे, त्यांच्या नावाने, त्यांच्या केबिनच्या दाराखालून सरकवलेलं. ज्यांना नकोच असेल त्यांच्यासाठी जहाजावर एक-दोन साध्या जागा ठेव, तेवढं पुरतं.

राहिले जुने पाहुणे. त्यांच्या पत्रांना घाबरू नकोस, ती नीट वाच. त्यांना शांतता हवी आहे, आणि ती मागायचा त्यांना हक्क आहे. एक डेक, एक पूल, एक दालन त्यांना खुशाल दे. अर्धं जहाज नको. त्यातल्या कितीजणांना नातवंडं आहेत ते विचार. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २'वर २०१६ च्या दुरुस्तीत कुत्र्यांची घरं वाढवली, त्यांच्यासाठी लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कचा फायर हायड्रंट उभा केला. त्या जहाजाची शान तिळभरही कमी झाली नाही, उलट लोक कौतुकाने सांगतात. कुत्र्याला कुठला खांब ओळखीचा वाटेल इथवर कोणीतरी विचार केला होता. नातवाला केवढी खुर्ची लागेल, एवढाच विचार मी तुझ्याकडे मागतो आहे.

दोन्ही आराखडे परत पाठवतो आहे, समासात पेन्सिलीने लिहिलं आहे. तिसरा काढ. त्यात भोजनशाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला काय सूचना द्यायच्या ते वेगळ्या कागदावर लिही, आणि तो कागद मला आधी पाठव. बाकीचं नंतर बघू.

तुझा,
सर