व्याख्या पाठ आहेत, पण कविता समोर आली की अडतं

प्रश्न : बाई नमस्कार, मी गुहागर तालुक्यातून लिहितेय. मुलगी दहावीला, सेमी इंग्लिश. इंग्लिशच्या तासाला सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन, अपॉस्ट्रॉफी अशी मोठी यादी लिहून दिलीय, व्याख्या घडाघडा म्हणते, पण न शिकवलेली कविता दिली की कुठे काय आहे ते सापडत नाही आणि मग अंदाजाने काहीतरी ठोकून येते. माझं शिक्षण मराठीतून, मला मदत करता येईल का? क्लास लावायचा तर चिपळूणला पाठवावं लागेल, रोजचं जाणंयेणं जमणार नाही.

उत्तर : ताई, यासाठी क्लासची गरज नाही, तुम्ही घरीच करून घ्या. तुम्ही शाळेत उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती शिकलायत, तुमची मुलगीही मराठीच्या तासाला तेच शिकते. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास आणि पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. फक्त दोन विषयांच्या दोन वह्या आणि दोन वेगळे शिक्षक, त्यामुळे ही एकच गोष्ट आहे हे मुलांना कोणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पहिलं काम म्हणजे ती यादी काही दिवस बाजूला ठेवा. कविता मोठ्याने दोनदा वाचून घ्या आणि नावं न विचारता विचारा, इथे साधं बोलणं सोडून कवीने काय वेगळं केलंय? कशाला कशासारखं म्हटलं, की निर्जीव वस्तू माणसासारखी वागतेय, की एकच आवाज पुन्हा पुन्हा येतोय? हे सापडलं की मग नाव लावायचं. मुलं उलटं करतात, नाव हातात घेऊन ओळ शोधत फिरतात आणि तिथेच फसतात.

सुरुवात ट्विंकल ट्विंकलपासून करा, दहावीच्या मुलीला बालिश वाटेल पण करा. जेन टेलरची ही कविता 1806 साली छापली गेली आणि तिच्यात बरंच काही आहे. ‘लाइक अ डायमंड’ म्हणजे सिमिली, तारा उपमेय, हिरा उपमान, चमकणं हे साधर्म्य आणि लाइक हा साम्य दाखवणारा शब्द, अगदी मराठीच्या पेपरात लिहितो तसं. तारा म्हणजे हिराच असं म्हटलं असतं तर मेटाफर झालं असतं. आणि सगळी कविता त्या ताऱ्यालाच उद्देशून आहे, जो उत्तर देणार नाही त्याच्याशी थेट बोलणं म्हणजे अपॉस्ट्रॉफी. मुलीला गावातलं गाऱ्हाणं आठवायला सांगा, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून देवालाच समोर धरून बोलतात ना, तेच. आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात ते रिफ्रेन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आपलं ध्रुवपद. व्याख्या विसरेल एक वेळ, पण हे विसरणार नाही.

आता चुका कुठे होतात ते सांगते कारण मार्क तिथेच जातात. लाइक दिसलं की सिमिली असं मुलं धरून चालतात, पण ‘आय लाइक मँगोज’ मध्ये कसली आलीय सिमिली, तिथे फक्त आवड सांगितलीय. तसंच हा आंबा कालच्या आंब्यासारखा गोड आहे, ही नुसती तुलना झाली, अलंकार नाही, कारण दोन्ही आंबेच. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी जवळ आणल्या तरच सिमिली.

ॲलिटरेशनमध्ये अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा. सिटी आणि कॅट, स्पेलिंग दोन्हीचं सी ने सुरू होतं पण आवाज वेगळे म्हणून ॲलिटरेशन नाही, उलट फोन आणि फिश यांची स्पेलिंगं वेगळी तरी आवाज एकच. यासाठी मी मुलांना नेहमी सांगते की ती ओळ देवनागरीत लिहून काढा, आवाज कुठे जुळतो ते लगेच डोळ्यांना दिसतं, मराठी मुलांना ही मोठीच सोय आहे. एक फरक मात्र लक्षात राहू द्या, आपल्या अनुप्रासात तो वर्ण शब्दात कुठेही आलेला चालतो, इंग्लिशमध्ये शक्यतो शब्दाच्या सुरुवातीचा आवाज बघतात.

ऑनोमटोपिया या नावाला मुलं घाबरतात, नावच तसं आहे. पण पाऊस धो धो, रिपरिप, माडांच्या झावळ्यांची सळसळ, हे शब्द आवाजावरूनच झालेत, इंग्लिशमधले बझ, हिस, स्प्लॅश तसेच. वारा दार ठोठावतोय, समुद्र रुसलाय म्हटलं की पर्सॉनिफिकेशन.

उत्तर लिहिताना ‘लाइक आलंय म्हणून सिमिली’ एवढ्यावर थांबू देऊ नका. कशाची कशाशी तुलना आणि त्यामुळे ओळीत काय आलं, हे एका साध्या वाक्यात लिहायला लावा. इंग्लिश मोडकं असलं तरी चालेल, आधी तुम्हाला मराठीत सांगू दे मग लिहू दे.

आणि सगळी यादी एकदम नको. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पुढे अप्पय दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ते शंभराच्या वर गेले. मुलीलाही आधी चारपाच पक्के होऊ देत, बाकीचे सावकाश येतील.

प्रश्न : बाई, मी कुडाळचा, अकरावीला आहे. आयरनी आणि ड्रॅमॅटिक आयरनी यात फरक काय?

उत्तर : बाळा, तू कुडाळचा म्हणजे दशावतार बघितला असशीलच. राक्षस साधूचं रूप घेऊन येतो, आपल्या सगळ्यांना ते माहीत असतं, नाटकातल्या बाईला माहीत नसतं आणि ती त्याच्या पाया पडते, तेव्हा प्रेक्षकांत जी चुळबुळ होते ती ड्रॅमॅटिक आयरनीमुळे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे चांगला नट तो प्रसंग हवा तेवढा ताणून धरतो.

आयरनी हे मोठं नाव, ड्रॅमॅटिक हा त्यातला एक प्रकार. बोलतो एक आणि अर्थ नेमका उलटा असेल तर व्हर्बल. अपेक्षेच्या बरोबर उलट घडलं, म्हणजे समज अग्निशमन दलाच्याच इमारतीला आग लागली, तर सिच्युएशनल. जुलैत सहल काढली आणि पाऊस पडला ही मात्र आयरनी नाही, कोकणात जुलैत दुसरं काय होणार! पेपरात ड्रॅमॅटिक आयरनी लिहिलीस की प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि कुठल्या पात्राला ते माहीत नाही, ही दोन्ही नावानिशी लिही.