मिनिएचर चित्रांतल्या (म्हणजे जुन्या लघुचित्रांतल्या) बायकांचे चेहरे सगळे सारखेच दिसतात, मग त्यात भावना कुठे बघायची?

पहिल्यांदा बघितली तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं. एका बाजूने काढलेला चेहरा, तेच लांबट डोळे, तेच सरळ नाक, ना हसू ना रडू, राधा कुठली आणि सखी कुठली हेसुद्धा कपड्यांवरून ओळखायचं. पण नंतर बघत गेलो तसं लक्षात आलं की आपण भावना चेहऱ्यात शोधतोय आणि चित्रकाराने ती तिथे ठेवलेलीच नाहीये. ती हातात असते, पायाशी असते, झाडात, आभाळात, रिकाम्या बिछान्यात असते.

अभिसारिकेचं उदाहरण घ्या, म्हणजे रात्री एकटीच प्रियकराला भेटायला निघालेली. पहाडी शैलीत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांतल्या चित्रांत, हा विषय खूप आहे. काळीकुट्ट रात्र, ढगात विजेची सोनेरी रेघ, वाटेवर साप, आणि चालता चालता तिच्या पायातलं पैंजण निसटून पडलंय तर ती मान वळवून त्याच्याकडे बघतेय. साप एवढे जवळ आहेत पण तिचं लक्ष पैंजणाकडे! चेहरा एकदम शांत. भीती सगळी त्या आभाळात आणि सापांत काढलीये, आणि ती कुठल्या तंद्रीत चाललीये ते त्या मान वळवण्यात. मी हे चित्र किती वेळा बघितलं असेल, दर वेळी तिथेच थांबतो.

तसंच विप्रलब्धा, म्हणजे ठरल्या जागी येऊन बसली आणि तो आलाच नाही. बाजूला पानांची शेज, कोणी बसलेलं नाही, आणि ती उभी राहून अंगावरचे दागिने काढून फेकतेय. छोट्या प्रिंटमध्ये जमिनीवर नुसते ठिपके दिसतात, मला ती फुलंच वाटली होती, मोठं करून बघितलं तेव्हा कळलं की हे दागिने आहेत आणि मग अख्खं चित्रच बदललं. म्हणून म्हणतो, मोबाईलवर बघत असाल तर आधी झूम करा आणि खालून वर बघत या.

अशा नायिकांचे एकूण आठ प्रकार, म्हणजे अष्टनायिका, मूळ भरताच्या नाट्यशास्त्रातल्या. पुढे भानुदत्ताची रसमंजरी आणि केशवदासाची रसिकप्रिया (१५९१) या नायिकांवरच्या काव्यग्रंथांवरून चित्रकारांनी त्या काढल्या, त्यामुळे त्या काळच्या रसिकाला पानांची शेज दिसली की पुढची गोष्ट माहीतच असायची, आपल्याला ती शिकावी लागते एवढाच फरक. आपल्याकडच्या विराण्या ऐकायची सवय असेल तर फार जड जाणार नाही. पहाडी शैलीतल्याच बसोहलीची १६९५ ची रसमंजरी जरूर बघा, देवीदासाने केलेली, मागे सपाट भडक पिवळा-लाल रंग, आणि बसोहलीच्या सुरुवातीच्या चित्रांत तर पाचूच्या जागी चक्क भुंग्याच्या हिरव्या पंखांचे तुकडे चिकटवलेत, तिथे रंगच बोलतो.

बनी ठनी या चित्राचं नाव तुम्ही ऐकलं असेल, राजस्थानातल्या किशनगढची, निहालचंदने काढलेली, १९७३ मध्ये पोस्टाचं तिकीटही निघालं. सुंदर आहे, पण सुरुवात तिच्यापासून नका करू, कारण तिथे परत सगळं लक्ष चेहऱ्यावरच जातं.

आता एक गोष्ट मला टोचते ती पण सांगतो. जवळजवळ हे सगळं पुरुषांनी काढलंय, राजांसाठी काढलंय, आणि त्यात बाई सारखी वाट बघत असते. जहांगीरच्या काळातल्या सहिफा बानूसारखी चित्रकार बाई म्हणजे अपवादच. तरी खंडिता बघा, रात्र दुसरीकडे घालवून तो पहाटे येतो आणि ती त्याला दारातच फैलावर घेते, तिथे मान खाली घालून कृष्ण उभा असतो. तो राग मला खरा वाटतो.

आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात एक पोथी आहे, तारीफ-इ-हुसेनशाही, अहमदनगरच्या निजामशाहीतली, १५६५ च्या सुमाराची. त्यातल्या एका चित्रात तरुण बाईच्या स्पर्शाने झाड फुललंय, म्हणजे तिच्या मनातलं सगळं झाडाला आलंय, मी वर म्हणतोय तेच. पण त्याच पोथीत राजाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायूं, म्हणजे चांदबिबीची आई, काढलेली होती. नवऱ्यामागे तिने राज्य चालवलं, पुढे १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केलं, आणि पोथीतल्या बऱ्याच चित्रांत तिची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. राजा सिंहासनावर आहे, दासी आहेत, आणि त्याच्या शेजारी जिथे ती बसली होती तिथे आता नुसता रंगाचा डाग.