मुंबईहून आलेला दुसरा हप्ता

मराठवाड्यात गावपातळीवर आरोग्यसेविकांचे काम चालवणाऱ्या एका न्यासाच्या सचिवांचे पत्र आले आहे. जुलै 2020 मध्ये त्यांच्या न्यासाने मुंबईतील एका मोठ्या संस्थेशी करार केला. त्या संस्थेने स्वतःला परदेशातून मिळालेल्या कोविड निधीतून न्यासाला ऑगस्ट 2020 मध्ये 9 लाख आणि फेब्रुवारी 2021 मध्ये 11 लाख रुपये दिले. परदेशी निधी घेण्यासाठी परकीय योगदान नियमन कायद्याखाली लागणारी नोंदणी, म्हणजे एफसीआरए नोंदणी, दोघांकडेही होती. दुसऱ्या लाटेत ही रक्कम ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, पल्स ऑक्सिमीटर आणि सेविकांचे मानधन यांवर खर्च झाली. आता या नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी मुंबईच्या संस्थेला प्रश्न विचारले गेले असून तिने दुसरा हप्ता परत मागितला आहे. काही विश्वस्तांना रक्कम परत करून मोकळे व्हावेसे वाटते, तर काहींना ही रक्कम सेवेचा मोबदला होती असे दाखवणारा जुन्या तारखेचा ‘सेवा करार’ करून ठेवावासा वाटतो. अशी पत्रे मला वरचेवर येतात, आणि जवळपास प्रत्येक पत्रात करारनाम्याची प्रत जोडलेली असते, बँकेचा उतारा मात्र नसतो.

माझ्या मते या प्रकरणात निर्णायक कागद बँकेचा उताराच आहे. परकीय योगदान नियमन कायद्याच्या कलम 7 मधील दुरुस्ती 29 सप्टेंबर 2020 रोजी अमलात आली. त्यापूर्वी एका नोंदणीकृत संस्थेला दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे परदेशी निधी वळवता येत असे. त्या दिवसापासून परदेशी निधी मिळवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला तो अन्य कोणाकडेही हस्तांतरित करता येत नाही, मग घेणाऱ्याकडे नोंदणी असो वा नसो. कलम हस्तांतरणाबद्दल बोलते, कराराबद्दल नाही. म्हणून करार जुलैमधला आहे, हे आपले म्हणणे खरे असले तरी फारसे उपयोगाचे नाही. ऑगस्टचा हप्ता सुरक्षित दिसतो, फेब्रुवारीचा नाही. करार आधीचा असल्याने दुसरा हप्ता ही केवळ त्याची पूर्तता होती, असा युक्तिवाद करता येईल, परंतु त्याच्या भरवशावर मी एखाद्या संस्थेची नोंदणी पणाला लावणार नाही. विशेषतः 8 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोएल हार्पर प्रकरणात ही दुरुस्ती वैध ठरवल्यानंतर तर नाहीच.

आपल्या लेखापरीक्षकांनी ही रक्कम ‘मुंबईहून आलेली, म्हणजे देशी’ समजून वार्षिक विवरणपत्रात दाखवलीच नाही, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, पण चीड जरूर आली. परकीय योगदानाच्या व्याख्येखालील पहिलेच स्पष्टीकरण सांगते की परदेशी स्रोताकडून आलेला पैसा एका किंवा अनेक हातांतून फिरून आला तरी तो परकीय योगदानच राहतो. एवढी चार ओळींची तरतूद वाचायला लॉकडाउनचा अडथळा नव्हता. गावे प्रतिबंधित क्षेत्रात होती, हे मी समजू शकतो. मात्र महामारीच्या काळात केंद्र सरकारने विवरणपत्रांच्या आणि परदेशी निधीसाठी दिल्लीतील स्टेट बँकेत खाते उघडण्याच्या मुदती वाढवल्या, कलम 7 मधील बंदी शिथिल केली नाही. दुसरा हप्ता नेमक्या कोणत्या खात्यात जमा झाला, हे आपण लिहिलेले नाही. तो परकीय निधीच्या ठरलेल्या खात्याऐवजी देशी खात्यात गेला असेल, तर कलम 17 चा आणखी एक प्रश्न उभा राहतो.

‘आता चार-पाच वर्षे झाली, कोण विचारतो’ या समजुतीवर विसंबू नये. कायद्याविरुद्ध परकीय योगदान स्वीकारणाऱ्यासाठी कलम 35 मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे, आणि एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला फौजदारी मुदतीची मर्यादा लागत नाही. प्रत्यक्षात खटला होईलच असे मी म्हणत नाही. अशा प्रकरणांत अधिक भीती असते ती नोंदणी रद्द होण्याची. ती रद्द झाल्यास तीन वर्षे पुन्हा नोंदणी मिळत नाही, आणि कलम 15 नुसार परदेशी निधीतून घेतलेली मालमत्ता, म्हणजे तुमचे ते कॉन्सन्ट्रेटरही, शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतात.

रक्कम परत करण्याचा विचार सज्जनपणाचा आहे, पण घाईचा आहे. रक्कम परत केल्याने झालेले उल्लंघन पुसले जात नाही. शिवाय ती देणार कशातून? मूळ पैसे खर्च झाले आहेत. आपल्या परदेशी निधीच्या खात्यातून आज दुसऱ्या संस्थेला 11 लाख रुपये पाठवले, तर तेही हस्तांतरणच ठरू शकते, आणि तो पैसा दुसऱ्याच देणगीदाराने दुसऱ्याच कामासाठी दिलेला असणार. देशी निधीतून परतफेड केल्यास धर्मादाय आयुक्तांपुढे स्पष्टीकरण द्यावे लागण्याची शक्यता आहे.

जुन्या तारखेच्या सेवा कराराबद्दल मी एवढेच लिहितो की तो मुद्रांक कागद कृपया विकत घेऊ नका. आज जे उल्लंघन पैसे भरून मिटण्याजोगे आहे, त्यावर बनावट दस्तऐवजाचा वेगळा गुन्हा चढेल. आणि खरोखर सेवा दिली म्हणावे, तर वस्तू व सेवा कराचा हिशेब कुठे आहे, हा प्रश्न पहिल्याच सुनावणीत येईल.

मार्ग कलम 41 चा आहे, ज्याला आपण कंपाउंडिंग म्हणतो. ठरावीक रक्कम भरून गुन्हा मिटवता येतो, परंतु खटला दाखल होण्यापूर्वीच. मुंबईच्या संस्थेच्या फाइलमधून आपले नाव आता केंद्रीय गृह मंत्रालयात पोहोचले आहे असे गृहीत धरा, म्हणजे ही वेळ आपल्या हातात किती आहे हे आपण ठरवणार नाही. कोणत्या उल्लंघनाला किती रक्कम, हे गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेने ठरते आणि ती पूर्वी बदललेली आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला दर चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घ्यावा. न दाखवलेल्या रकमेचे विवरणपत्र कसे दुरुस्त करायचे, हेही त्यांच्याबरोबर बसूनच ठरवावे लागेल. एकदा कंपाउंडिंग झाल्यावर तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा झाला तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा महामारीच्या त्या काळात अन्य कोणत्या संस्थेकडून ‘उपअनुदान’ आले आहे का, ते अर्जापूर्वी पाहावे.

मुंबईच्या संस्थेला या आठवड्यातच लेखी उत्तर द्या. रक्कम कोणत्या तारखेला आली आणि कशावर खर्च झाली, त्याच्या पावत्या जोडा. परतफेडीविषयी ‘कायदेशीर सल्ला घेऊन कळवतो’ एवढेच लिहा. आणि विश्वस्त मंडळाचा तसा ठराव आजच्याच तारखेने इतिवृत्तात नोंदवा.